मृत्युवहीची गोष्ट

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्याच्या बाकाखालीं काळ्या पुठ्ठ्याची एक वही आम्हांस सांपडली. तींत सहा वर्गबंधूंचीं नांवें ओळीनें लिहिलीं होतीं; सातवें आमचें होतें. चौकशीअंतीं कळलें कीं, 'डेथ नोट' या जपानी चित्रकथेवरून हा खेळ निघाला आहे. मुलाच्या मातोश्री घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "सर, असलीं भुताखेतांचीं पुस्तकें जाळून टाका." आम्हीं तीं जाळण्यापूर्वीं वाचावयाचें ठरविलें आणि बाराही भाग वाचून काढले.

त्सुगुमि ओबा यांनीं लिहिलेली व ताकेशि ओबाता यांनीं चितारलेली ही कथा २००३ पासून २००६ पर्यंत जपानांतील एका साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. कंटाळलेला ऱ्यूक नामक यमदूत आपली वही पृथ्वीवर टाकतो व ती लाइट यागामि या १७ वर्षांच्या विद्यार्थ्यास मिळते. चेहरा मनांत आणून ज्याचें नांव तींत लिहावें, तो ४० सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. लाइट प्रथम गुन्हेगारांचीं नांवें लिहितो; पुढें आपला माग काढणाऱ्या १२ अमेरिकन अधिकाऱ्यांनाही तो मारतो.

चीनमधील शेन्यांग शहरीं २००५ सालीं शाळांतून ही कथा बंद करण्यांत आली. तेथील वडीलधाऱ्यांचें भय आम्हांस समजतें. परंतु आमच्या मतें तें भलत्या ठिकाणीं आहे. ऱ्यूक कोणासही मोह घालीत नाहीं. तो नुसता सफरचंदें खातो आणि गंमत पाहतो. (कोणास एदेन बाग आठवेल, पण शास्त्रांत त्या फळाचें नांव नाहीं, आणि येथें फळ खाणारा एक व पाप करणारा दुसराच!) भिण्याजोगा आहे तो लाइट. तो परीक्षेंत पहिला येतो, घरीं नम्र असतो, आणि आपण जें करतों तें न्याय्यच आहे याविषयीं त्यास तिळमात्र शंका नाहीं. २०१७ च्या अमेरिकन चित्रपटांत हाच मुलगा छळलेला दाखविला असून पहिला बळी छळणारा सोबतीच आहे. आम्हांस हें रुचलें नाहीं. सबब मिळाली कीं कथेचें विष उतरतें.

लाइटचे वडील सोइचिरो पोलीस-अधिकारी. पुत्रासच शोधीत तेच तपास चालवितात. मूळ कथेंत ते मुलगा निर्दोष आहे या समाधानांत मरतात. शेवटीं लाइट जिवासाठीं रडून भाकतो. २००६-०७ च्या ३७ भागांच्या चित्रमालिकेंत मात्र तो मावळत्या उन्हांत जिन्यावर शांतपणें मरतो, व मुलें त्याच्यासाठींच हळहळतात. शुसुके कानेको यांच्या २००६ च्या दुसऱ्या चित्रपटांत बापास सर्व कळतें, आणि त्याच्याच बाहूंत पुत्र प्राण सोडतो. आम्हांस हाच शेवट खरा वाटला. पालकांनीं तो मुलांसह बसून पाहावा.

आमचें नांव वहींत कां, असें आम्हीं त्या मुलास एकांतीं विचारलें. फार वेळ तो बोलेना. मग म्हणाला, "चांचणीत मी कॉपी केली नव्हती, सर." आम्हीं त्यास भर वर्गांत उभें केलें होतें, शेजाऱ्याच्या उत्तराशीं त्याचें उत्तर जुळलें एवढ्यावरून, दुसरें कांहीं विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत आम्हीं त्याची क्षमा मागितली. वही अद्याप आमच्या टेबलाच्या खणांत आहे. ती त्यानें परत मागितलेली नाहीं.