कूलरचा पंप कधी बंद करायचा?

नवतपा संपून मृगाचे दोन शिडकावे झाले, की वाशीम जिल्ह्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कूलर चालू आहे, टाकी भरलेली आहे, तरी जीव घाबरा होतो. मिस्त्रीला बोलावणे जाते. बहुतेक वेळा कूलर बिघडलेला नसतोच. हवा बदललेली असते.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देतो. मे महिन्यात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताट्यांतून येणारी हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात २८-२९ मिळाली तरी झोप लागते. जूनअखेर तापमान ३४ आणि आर्द्रता ७० टक्के असताना हीच मर्यादा २९ अंशांवर येते. म्हणजे थंडावा जेमतेम चार अंशांचा, आणि खोलीत दमटपणाची भर.

ही भर शरीराला महागात पडते. घाम गळून अंग थंड होत नाही, तो वाळला तर होते. दमट खोलीत घाम नुसता वाहतो, पाणी आणि क्षार जातात, आतली उष्णता मात्र तशीच राहते. वृद्ध, तान्ही मुले, हृदयरोगी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना त्याचा फटका आधी बसतो. गरगरणे, पायात गोळे, मळमळ ही सुरुवात असते. बोलणे असंबद्ध झाले तर उष्माघात समजून रुग्णाला तात्काळ दवाखान्यात न्यावे.

म्हणून निव्वळ पारा पाहून भागत नाही. भारतीय हवामान विभागानेही २०२३ पासून आर्द्रता धरून काढलेला उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात देणे सुरू केले. गावपातळीवरचे इशारे अजून ‘आज कमाल इतके’ यातच अडकलेले असतात, हे बदलायला हवे.

घरात आर्द्रतामापक असावा. तो महाग नाही. नसेल तर डब्यातले मीठ पाणी सोडू लागले, की समजावे. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली, की पंप बंद आणि नुसता पंखा चालू. कूलर चालवताना समोरची खिडकी उघडी हवीच. ‘थंडी बाहेर जाते’ म्हणून ती लावून घेणारे खोलीचे न्हाणीघर करतात. एसी असेल तर २४ ते २६ अंशांवर ठेवावा. तो हवेतले पाणीही काढतो, बरे वाटते ते बरेचसे त्यामुळेच.

आणि पंप बंद केला की टाकी रिकामी करून घासून पुसावी. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.