डोळ्यांची उघडझाप आणि पडद्यावरील खेळ

डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते कोरडे पडले आहेत असे म्हटले, तर कोणालाही नवल वाटेल. परंतु मोबाइलवर वा संगणकावर तासन्‌तास खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा हेच घडते.

मनुष्य सामान्यतः मिनिटाला 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरतो. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून स्रवणारे तेल या थरातील पाणी उडून जाऊ देत नाही. खेळात चित्त गुंतले की ही उघडझाप निम्म्यावर येते, आणि होते तीही अर्धवट. मग थर ठिकठिकाणी विरतो, डोळे चुरचुरतात आणि त्या चुरचुरीमुळेच पाणी येऊ लागते. जवळचे पाहण्यासाठी आतील स्नायूही सतत ताणलेले राहतात. त्यामुळे डोके दुखते व दूरचे काही काळ अंधुक दिसते.

दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरील वस्तूकडे 20 सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. परंतु सामना रंगात आला असता नजर हटवणे म्हणजे हरणे, हे वडीलधाऱ्यांनीही जाणले पाहिजे. म्हणून विश्रांती घड्याळाशी न बांधता खेळाशी बांधावी. प्रत्येक सामना संपताच मुलाने उठावे, खिडकीतून दूरवर पाहावे आणि दहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. मगच पुढील डाव मांडावा.

संगणकाचा पडदा हातभर अंतरावर व नजरेच्या किंचित खाली असावा. त्यामुळे डोळे कमी उघडे राहतात. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर नसावा. अंधाऱ्या खोलीत खेळू नये. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने हा ताण कमी होतो, याला भक्कम आधार नाही. तो खर्च टाळता येतो.

सर्वांत मोठा धोका मात्र खेळाचा नसून घरगुती उपचाराचा आहे. डोळे लाल दिसले की पुष्कळ घरांत औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असेल आणि ते दीर्घकाळ वापरले गेले, तर मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. विश्रांतीनंतरही त्रास टिकला, तर तपासणी करून घ्यावी. तीव्र वेदना होत असतील, उजेड सोसत नसेल वा पापण्या मिटूनही अंधुकपणा जात नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.