जनावर वैरण टाकतें तेव्हां

जनावरानें वैरण टाकली कीं पोट बिघडलें असें समजून तेल पाजावयाचें, ही आपली जुनी रीत. आम्हींही एका कालवडीस तेल पाजलें, मग पेज कोंबली. ती खंगतच गेली. पायांवर खवले धरले, तेव्हां कुठें पशुवैद्यांस बोलाविलें. उणीव जस्ताची निघाली!

जस्तावांचून प्राण्याची वाढ होत नाहीं, हें १९३४ सालीं विस्कॉन्सिन येथें उंदरांवर सिद्ध झालें. अन्नापासून मांस घडविणाऱ्या अनेक विकरांस जस्त लागतें. तें कमी पडतांच भूक आधीं मंदावते, व शरीर मागत नसतां बळेंच भरविलेले उंदीर उलट आजारी पडले. आमची पेज आठवून आम्हांस वाईट वाटलें.

आपल्या चुनखडीच्या काळ्या रानांत जस्त पिकास पुरेसें मिळत नाहीं. मग कडब्यांत तें कोठून येणार? उंसास झिंक सल्फेट घालणारे आपण गोठा मात्र विसरतों. शरीरांत जस्ताचा फारसा सांठा राहत नाहीं, म्हणून आंबोणांत खनिज मिश्रण रोज द्यावें. मात्र माप पशुवैद्यांस विचारूनच ठरवावें. जस्त फाजील झाल्यास तांबें अंगीं लागत नाहीं. आमच्या गोठ्यांत आतां तेलाच्या नळीशेजारीं मिश्रणाचें मापटें टांगलेलें असतें.