फॉर्मॅट मारण्याआधी मेनू उघडा

‘भाऊ, हार्डडिस्क उडाली दिसते, फॉर्मॅट मारावा लागेल.’ जूनच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी दुरुस्तीवाल्याकडून ऐकले. माझे बी-बियाण्याचे दुकान. कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी, आणि साऱ्या गिऱ्हाइकांची उधारी त्याच संगणकात!

चूक माझीच. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 22.04 वरून 24.04 वर जाण्याचा घाट मी भर हंगामात, भरदुपारी घातला. मध्येच लाइट गेली. यूपीएसने दहा मिनिटे कशीबशी काढली. वीज आल्यावर बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’.

डिस्क मात्र ठणठणीत होती. नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसला होता, पण सुरुवातीला डिस्क शोधून द्यायला त्याला इनिट्रॅमएफएस नावाची फाइल लागते, ती बनायचीच राहिली होती. उबुंटू नवा कर्नल घालताना जुना लगेच पुसत नाही. संगणक सुरू होताना शिफ्ट, किंवा यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबले, की ग्रबचा मेनू येतो. त्यातल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतो. हे पुतण्याने फोनवर सांगितले. जुन्या कर्नलच्या रिकव्हरी मोडमध्ये शिरून अर्धवट पॅकेजेस पुरी केली, ती फाइल नव्याने बनवली, ग्रब अद्ययावत केला. पाऊण तास लागला. उधारीची एक ओळ गेली नाही.

‘लिनक्स घेतले की असेच होणार’ हा टोमणाही त्या दिवशी ऐकला. पण 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे केले, विमाने खोळंबली. तेव्हाही इलाज फॉर्मॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची होती. आणि लिनक्स हा चार हौशी पोरांचा खेळ म्हणावा, तर आपल्या जिल्हा-तालुका न्यायालयांचे कामकाज उबुंटूवरच चालते.

डिस्क खरोखर मरत असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक उठवून फाइली बाहेर काढता येतात. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यावर जुन्या मशीनवर लिनक्स घालणारे वाढणारच. अशा वेळी संगणकाच्या प्रमाणपत्र वर्गांनी वर्ड-एक्सेलमधला अर्धा तास काढून ग्रबचा मेनू दाखवायला काय हरकत आहे?

दुरुस्तीवाल्यांकडे मागणी एकच : फॉर्मॅटआधी गिऱ्हाइकाला ‘आत काय आहे?’ एवढे विचारा आणि त्याच्या होकाराची सही घ्या. माझ्याकडे कोणी मागितली नव्हती. मशीन उचलून घरी आणले, म्हणून उधारी वाचली.

– एक बियाणे विक्रेता, धरणगाव (जि. जळगाव)