बिनपिसांची कोंबडी आणि आमचे ऊन

उष्ण देशांतील गरिबांच्या कळवळ्याने एखादी नवी युक्ती निघाली, की त्या देशांतील लोकांनी ती आधी पारखून घ्यावी, हे बरे. २००२ साली इस्राएलातील हिब्रू विद्यापीठाचे प्राध्यापक अविग्दोर काहानेर यांनी अंगावर पिसे नसलेली, तांबड्या उघड्या कातडीची कोंबडी जगापुढे ठेवली. पिसे न उगवण्याचा हा आनुवंशिक दोष कॅलिफोर्नियात १९५४ सालीच आढळला होता. काहानेर यांनी त्याचा संकर मांसाकरिता पाळल्या जाणाऱ्या ब्रॉयलर जातीशी केला. ही कोंबडी आमच्या बाजारात आलेली नाही. परंतु तिच्या समर्थनार्थ जे ऊन पुढे केले जाते, ते परभणी जिल्ह्याच्या ओळखीचे आहे. म्हणून जिंतूर-गंगाखेडच्या माणसास या वादात बोलण्याचा पुरता अधिकार आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. कोंबडीस घाम येत नाही. उन्हाळ्यात चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा मोठा आधार. पिसांचे पांघरूण गेले, की अंगाची ऊब सहज बाहेर पडेल, पंख्यांचा व फवाऱ्यांचा खर्च वाचेल, पिसांवर खर्ची पडणारे खाद्य मांसाकडे वळेल आणि मांस स्वस्त होईल. ३५ अंशांच्या उष्णतेतही या पक्ष्यांची वाढ चांगली होते, असे प्रयोगांत दिसले आहे. ते आम्ही नाकारीत नाही.

पण परभणीचा वैशाख ३५ अंशांवर थांबत नाही. येथे पारा ४३ अंशांच्याही वर जातो, आणि कोंबडीच्या देहाची उष्णता सुमारे ४१ अंश असते. हवा देहाहून थंड असेल तोवरच उघडे अंग निवते. हवा देहाहून तापली, की तेच उघडे अंग ताप आत घेऊ लागते. आमचा शेतकरी भर दुपारी डोक्याचा रुमाल सोडून ठेवीत नाही, उलट आवळून बांधतो. त्याला जे कळते, ते प्रयोगशाळेने विसरावे काय? शिवाय ऊन, डास आणि ओरखडे यांपासून कातडी राखणारे कवच पिसांचेच. ते गेले, की हा पक्षी अंगणात वावरण्यास अपात्र ठरला.

दुसरे असे, की ही उष्णता आली कोठून? सुमारे सहा आठवड्यांत दोन किलो वजन भरावे, अशी ब्रॉयलरची पैदास माणसानेच केली. त्या अघोरी वाढीची आग तिच्या पोटात माणसानेच पेटविली, आणि आता ती सोसवत नाही म्हणून तिचे वस्त्र काढून घ्यावयाचे! रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच.

आम्ही सुधारणेचे वैरी नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी काढली, ती शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास तोंड देते. आमच्या भागातील लाल कंधारी गुरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने या उन्हात टिकली. ज्या पैदाशीने जीव जगण्यास अधिक समर्थ होतो ती सुधारणा. जिने तो केवळ विकण्यास अधिक सोयीचा होतो ती लूट. आमच्या शास्त्रकारांनी अशक्यतेचा दाखला म्हणून अर्धकुक्कुटी न्याय सांगितला: अर्धी कोंबडी शिजवावी आणि उरलेल्या अर्धीने अंडी घालावी, असे म्हणणाऱ्याचा तो उपहास होय. आज तो उपहास धंद्याचे धोरण होऊ पाहत आहे. मांस तेवढे ठेवावे, पक्षी वजा करावा!

कोणी म्हणेल, जिचा जीव घेणार तिच्या पिसांची चिंता कशाला? उत्तर सरळ आहे. मारणे योग्य की अयोग्य हा वाद जुना आहे. पण जो मारतो त्यालाही जिवंतपणी छळण्याचा परवाना मिळत नाही. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदा हेच तत्त्व मानतो. मात्र त्याचे लक्ष जन्मलेल्या प्राण्याला दिलेल्या यातनेकडे आहे, वंशातच पेरून ठेवलेल्या यातनेकडे नाही. ही उणीव भरून काढली पाहिजे.

आणि गरिबाचे ताट? त्याचे नाव घेऊन वाचविलेला पैसा त्याच्याच ताटात पडेल, याची हमी कोणी दिली आहे? उन्हाळ्यात गोठ्यातली दाटी कमी करणे, छपरावर चुना व पाचट घालणे, सावकाश वाढणाऱ्या काटक जाती पाळणे, हे उपाय उपलब्ध आहेत. त्यांनी मांस चार पैशांनी महागेल. तो फरक आमच्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांनी प्रथम सोसावा; आणि परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांनी कोणत्याही नव्या जातीविषयी ‘ती किती वाढते’ हे विचारण्यापूर्वी ‘ती धड जगते काय’ हे विचारावे. गोठा पक्ष्यास साजेसा करणे हे माणसाचे काम आहे. पक्षी गोठ्यास साजेसा सोलून काढणे हे नव्हे.