राबतो पोरगा, सातबारा बापाच्या नावे. नैसर्गिक शेतीची योजना मिळणार कोणाला?

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे धानाच्या बांधीत जीवामृत टाकायला तयार असलेली पोरं आहेत. गाडी अडते सातबाऱ्यावर. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, अन् तो निघतो जमिनीच्या नोंदीवरून. म्हणजे बांधीत राबणारा पोरगा कागदावर शेतकरीच नाही! ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मृत खातेदारांच्या वारसांची नोंद होते. पण बाप हयात असेल तर वाटणीच करावी लागते. तो विषय घरात काढणार कोण? केंद्राच्या नैसर्गिक शेती अभियानात एकरी वर्षाला ४ हजार, तेही दोनच वर्षे. तेवढ्यासाठी कोणी घर फोडत नाही. बापाच्या संमतीपत्रावर कसणाऱ्या पोराला गटात घ्यायला काय हरकत आहे, हे कृषी विभागाने सांगावे.