पाकीट जाऊ दे, बाहेर पडायचा रस्ता कुठाय?

गणपती जवळ आले की ऑफिसातल्या कुणाचा तरी मेसेज येतोच. "तू लालबागचा ना? आम्ही पुण्याहून चौघं येतोय. सेफ आहे ना रे?" माझं उत्तर तयार असायचं. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, गळ्यात चेन घालू नका, फोन हातात मिरवू नका. कॉपी, पेस्ट, सेंड.

आता मी ही यादी पाठवत नाही. ती खोटी आहे म्हणून नव्हे. गर्दीत फोन जातात, चेन जातात, आणि नंतर पोलीस ठाण्यात तक्रारीसाठी उभं राहावं लागतं. पण ती यादी वाचून पाहुण्याला वाटतं की आमच्या वस्तीतला सगळ्यात मोठा धोका म्हणजे शेजारच्या माणसाचा हात. माझं म्हणणं उलटं आहे. लालबाग-परळमध्ये शेजारचा माणूसच तुम्हाला वाचवतो. जीव जातो तो बाहेर पडायला जागा नसते म्हणून.

२०१७ आठवा. २९ सप्टेंबर, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी जोराचा पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर लोक आडोशाला थांबले. खालून गाड्यांमधली माणसं येतच राहिली. २३ जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कमला मिलमधल्या रूफटॉप रेस्टॉरंटना आग लागली. १४ जण गेले. कित्येक जण बाहेरची वाट न सापडून शौचालयात शिरले आणि तिथेच गुदमरले. एका ठिकाणी कामावर निघालेले लोक, दुसऱ्या ठिकाणी पार्टीला आलेले. दोन्हीकडे खिसा सांभाळून काय उपयोग झाला असता?

पहिल्या घटनेला आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो. हा शब्दच मला खटकतो. जणू लोक एकमेकांना तुडवत सुटले, जणू शिस्त नसलेली माणसं मेली. प्रत्यक्षात अशा गर्दीत बहुतेक जण तुडवले जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन मरतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तरी चालता येतं. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. लाट येते आणि तुम्ही वाहत जाता. तेव्हा तुमची शिस्त, तुमची श्रद्धा, तुमचे संस्कार यांपैकी काहीही कामाला येत नाही.

तीन वर्षांपूर्वी सांगलीहून आलेल्या मावसबहिणीला घेऊन मी आमच्या भागातल्या एका मंडपाच्या गल्लीत शिरलो होतो. दोन्ही बाजूंना बॅरिकेड. पुढे रांग थांबली, मागून रेटा आला. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. "दादा, श्वास घेता येत नाहीये," एवढंच ती म्हणाली. पर्स मात्र तिने दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरली होती, माझ्याच सल्ल्याप्रमाणे. एका दुकानदारकाकांनी अर्धं शटर वर केलं आणि बॅरिकेडवरून तिला आत ओढलं. फोन, पैसे, सगळं जागेवर होतं. रडणं थांबायला तिला अर्धा तास लागला.

"गर्दीत एवढं चालायचंच, एवढी भीती वाटते तर येऊ नये," असं तेव्हा घरातलेच म्हणाले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सेलच्या दिवशी साइट कोसळली तर मॅनेजरला "युजर फार आले होते" असं सांगून बघा. किती येणार याचा अंदाज बांधणं, मर्यादा ठरवणं आणि मर्यादेआधीच दार लावणं हेच आमचं काम. इथे तर तारीख पंचांगात छापलेली असते!

कार्यकर्ते कमी पडतात असं मी म्हणत नाही. दोन वर्षं मीही शिट्टी गळ्यात अडकवून रात्र-रात्र उभा राहिलोय. पण आम्हाला शिकवलं होतं एकच वाक्य: "चला, चला, पुढे चला." पुढे किती माणसं आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

सोलमधलं इथेवॉन हेही असंच गजबजलेलं, पर्यटकांचं आवडतं. २९ ऑक्टोबर २०२२ला हॅलोवीनच्या गर्दीत एका उताराच्या गल्लीत १५९ जण गेले, त्यात परदेशी पाहुणेही होते. चिरडले जाऊ अशी भीती सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६:३४ला गेला होता. माणसं दहानंतर मेली. मध्ये साडेतीन तास होते. आणि आपल्याकडे? एल्फिन्स्टनला लष्कराने बांधलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ला खुला झाला. दुर्घटनेनंतर पाच महिन्यांत. म्हणजे जमत होतं. फक्त आधी २३ माणसं जावी लागली.

म्हणून मंडळं, पालिका, रेल्वे आणि पोलीस यांच्याकडे मागायचं ते हे: आतली माणसं मोजा. ठरलेल्या आकड्यानंतर लोकांना करी रोड, चिंचपोकळी स्टेशनांवरच थांबवा, गल्लीच्या तोंडाशी नव्हे. बॅरिकेडला मध्ये मध्ये उघडणारी दारं ठेवा. रूफटॉपवर जेवण वाढायच्या आधी दुसरा जिना दाखवा.

आणि पाहुण्यांनो, तोवर माझी नवी यादी घ्या. कुठेही आत शिरताना बाहेर पडायची दुसरी वाट शोधा. चारी बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं की दर्शन सोडा आणि परत फिरा, बाप्पा रागावत नाही. अडकलातच तर हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. रेट्याच्या विरुद्ध ढकलू नका. लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरका. पडलेला फोन उचलायला वाकू नका.

बहीण यंदा पुन्हा येतेय म्हणते. मी "ये" म्हटलंय. पण दुकानदारकाकांचं शटर दरवेळी उघडं असेलच असं नाही, आणि शहराची सुरक्षा त्यांच्या भरवशावर सोडलेली मला चालणार नाही.